निटच्या पँटला नाडी: भोक आधी, नेफा नंतर

कोपरखैरण्याच्या एका ताईंनी नवऱ्यासाठी आणि पाच वर्षांच्या मुलासाठी लूपनिटच्या (आतून फासे असलेल्या जाडसर होजिअरी कापडाच्या) घरी घालायच्या पँट शिवल्या. इलास्टिक नीट बसलं. पण रेडीमेड ट्रॅकपँटसारखी पुढे नाडी हवी म्हणून त्यांनी नेफा शिवून झाल्यावर दोन काज केले. थोड्याच धुण्यांत काज लांबट होऊन तोंड उघडून बसले, एक तर बाजूने फाटला. नाडी वॉशिंग मशीनमध्ये निघून आली आणि नेफा कमरेवर गुंडाळतो आहे. मशीन घरगुती झिगझॅगची आहे. त्या विचारतात: काज करावा की आयलेट (धातूचं गोल कडं) ठोकावं, नाडी कसली घ्यावी आणि शिवून झालेल्या या पँटचं आता काही करता येईल का?

ताई, तुमची शिलाई चुकलेली नाही, क्रम चुकला आहे. सुती पायजम्याचा किंवा परकराचा नेफा आपण डोळे मिटून शिवतो, कारण ते कापड जागचं हलत नाही. निटचं कापड मात्र फासांचं विणलेलं असतं आणि आडवं ताणलं की चांगलंच लांबतं. त्या ताणात भोक पाडलं की ताणाचा सगळा जोर भोकाच्या कडेवर येतो. म्हणून नाडीचं भोक हे नेफ्याचं शेवटचं काम नाही, पहिलं काम आहे. कापड सपाट आणि एकेरी असतानाच भोकाची जागा ठरवायची, तिला मागून आधार द्यायचा, काज पूर्ण करायचा आणि मगच नेफा दुमडायचा. ठाण्यात इतकी वर्षं शिवण शिकवताना निटच्या पँटच्या ज्या तक्रारी माझ्याकडे येतात, त्यातल्या बहुतेकांचं मूळ इथेच सापडतं.

आणखी एक गोष्ट आधी मनाशी पक्की करा. अशा पँटला कमरेवर धरून ठेवण्याचं काम इलास्टिकचं आहे. नाडी फक्त मदतीला असते: खिशात मोबाइल ठेवला, पँट थोडी सैल झाली, वजन कमीजास्त झालं, की ती आवळायची. इलास्टिक सैल ठेवून सगळा भार नाडीवर टाकला तर काज कितीही मजबूत करा, तो फाटणारच.

आता मापं. मी सगळं सुतात सांगते, एका इंचाचे आठ सूत. समजा तुमचं इलास्टिक एक इंच रुंद आहे. नेफ्याला आत सव्वा इंच, म्हणजे दहा सूत जागा हवी, म्हणजे इलास्टिकही मोकळं फिरेल आणि नाडीलाही वाव राहील. शिलाईला दोन सूत माया, म्हणजे टिपेपलीकडे राहणारं कापड, धरा. म्हणजे दुमडीच्या रेषेच्या वर कापड दीड इंच ठेवायचं. निटची कड ओव्हरलॉक केली की आत आणखी एक घडी घालायची गरज नाही, त्या घडीने उगाच जाड कडा येतो आणि पोटाला रुततो. ओव्हरलॉक नसेल तर साध्या झिगझॅगनेही कड भागते.

दुमडीची रेष खडूने आखा. रेषेपासून खाली पाच सूत मोजलं की नेफ्याचा मध्य आला. काजाची लांबी चार सूत धरली तर तो रेषेच्या खाली तीन सुतांवर सुरू होऊन सात सुतांवर संपेल. वर तीन सूत, खाली तीन सूत मोकळे राहिले, म्हणजे नेफ्याची टीप काजावर चढणार नाही. आडव्या दिशेने पुढच्या मध्यापासून दोन्हीकडे सहा-सहा सूत सोडा. यापेक्षा जवळ जाऊ नका. पुढे मध्यावर आसनाची शिवण, म्हणजे दोन पाय जोडणारी मधली शिवण, असते, तिची माया आत जाड झालेली असते. मशीनचा फूट त्या उंचवट्यावर चढला की काजाची एक बाजू दाट आणि दुसरी विरळ येते.

हे काज बाहेरच्या थरावर येतात, नाडी बाहेर दिसते. नाडी आत लपवायची असेल तर हीच मापं दुमडीच्या रेषेच्या वरच्या भागावर घ्या, कारण तोच भाग दुमडून आत जाणार आहे. घरात घालायच्या पँटला मी आतलीच नाडी सुचवते. टी-शर्टखाली गाठीचा उंचवटा दिसत नाही आणि बाहेरचं कापड अखंड राहतं. काजाची सुलट बाजू मात्र अंगाकडे येईल हे आखतानाच लक्षात घ्या.

काज उभाच हवा. पँटचं निट आडवं जास्त ताणलं जातं, उभं कमी. आडवा काज केला तर कंबर ताणली जाताना त्याची लांबी ओढली जाते आणि टाके सुटतात. रेडीमेड पँटला पुढे काज उभे किंवा आयलेट गोल दिसतात, त्यामागे हेच कारण आहे.

आधारासाठी चिकट फ्युजिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटणारं अस्तर, वापरा. कापडी फ्युजिंग सगळ्यात बरं, कारण ते कापडासारखं वळतं. कागदी फ्युजिंग थोड्या धुण्यांनी चुरगळून गोळा होतं. फ्युजिंग नसेल तर जुन्या सुती चादरीचा तुकडासुद्धा चालतो, फक्त तो कच्च्या टाक्याने आधी जागेवर धरा. दोन काजांसाठी दोन वेगळे तुकडे लावण्यापेक्षा तीन इंच लांब, सव्वा इंच उंच अशी एकच पट्टी मध्यावर उलट बाजूने लावा. आसनाची शिवण आधी नीट फाकवून इस्त्री करून घ्या. पट्टीचे कोपरे गोल कापा, टोकदार कोपरे धुण्यात आधी सुटतात. इस्त्री सरकवायची नाही, वरून दाबून दहा-बारा सेकंद धरायची, उचलायची, पुढे ठेवायची. मग कापड पूर्ण थंड होऊ द्या. गरम असतानाच उचललं तर निट ताणलं जातं आणि ताणलेल्या अवस्थेतच चिकटून बसतं. लायक्रा किंवा पॉलिएस्टर मिसळलेलं कापड असेल तर इस्त्रीची आच कमी ठेवा आणि आधी कातरणीवर बघा.

सुईकडे आपल्याकडे फार कमी लक्ष जातं. निटसाठी बॉलपॉइंट (गोलसर टोकाची) सुई घ्या, घरगुती मशीनला ७५/११ किंवा लूपनिटसारख्या जाड कापडाला ८०/१२ नंबर. लायक्रा असेल तर स्ट्रेच सुई. साधी टोकदार सुई फास भोसकते. जर्सीत, म्हणजे टी-शर्टच्या पातळ निटमध्ये, एक फास तुटला की तिथून शिडी पडत जाते आणि काज कापल्यावर ती शिडी तुमच्या लक्षात येते. दोरा पॉलिएस्टरचा. सुती दोरा ताणाला टिकत नाही.

काज मशीनवर करताना कापडाखाली पातळ कागद ठेवा, ट्रेसिंग पेपर किंवा किराणा दुकानात मिळणारा बटर पेपर. त्यामुळे मशीनचे खालचे दात निट ओढून लांब करत नाहीत आणि नंतर कागद फाडून टाकता येतो. टाक्याची घनता सुती कापडापेक्षा जराशी विरळ करा. खूप दाट टाके घातले की कापडात दोऱ्याची गर्दी होऊन कडा लाटेसारखा फुगतो. तुमच्या पँटवर काज लांबट झाले त्यात हा भाग नक्की असणार, शिवाय आधाराला काही नव्हतं. पँटवर करण्याआधी त्याच कापडाच्या तुकड्यावर, तेच फ्युजिंग लावून, तोच कागद ठेवून एक काज करून बघा. तो नखाने ताणून बघा. नेफा बंद होण्याआधीची ही तपासणी पाच मिनिटांत होते आणि तिला दुसरा पर्याय नाही.

काज कापताना दोन्ही टोकांच्या आडव्या टाक्यांच्या आत एकेक टाचणी आडवी खोचा, मग सीम रिपरने (शिवण उसवायच्या छोट्या हत्याराने) मधून कापा. टाचणी आडवी असली की हत्यार टोकाचा टाका तोडत नाही.

ज्यांच्याकडे आईची किंवा सासूबाईंची काळी पायमशीन आहे, जिला झिगझॅग नाही, त्यांनी निराश व्हायचं कारण नाही. निटवर हाताचा काज मशीनच्या काजापेक्षा टिकाऊ होतो असं माझं ठाम मत आहे, कारण हाताने प्रत्येक टाक्याचा ताण आपल्याला कळतो. त्यातही काजाऐवजी हाताने केलेलं गोल भोक मला जास्त आवडतं. पद्धत अशी. फ्युजिंग लावलेल्या जागी तीन सूत व्यासाचं वर्तुळ काढा. त्याच्या रेषेवर दुहेरी दोऱ्याने बारीक धावदोरा घाला, पूर्ण फेरी. मग मध्यात दाभण खुपसा आणि हळूहळू गोल फिरवत भोक मोठं करा. कात्री लावू नका. दाभणाने फास बाजूला सरकतात, तुटत नाहीत, म्हणजे भोकाच्या कडेला सगळं कापड शाबूत राहतं. आता भोकातून सुई वर काढून धावदोऱ्याच्या बाहेर खाली घालत गोल टाके घ्या, एकाला एक लागून. दर चार-पाच टाक्यांनी दाभण पुन्हा फिरवा, नाहीतर भोक बंद होत जातं. दोऱ्याला मेण लावलं तर तो गुंतत नाही. शेवटी मागे दोन टाके घेऊन दोरा टाक्यांच्या खालून ओढून कापा. ही दोन भोकं करायला अर्धा तास लागतो, पण पँटचं कापड विरून जाईल तरी ती तशीच राहतील.

याहून सोपी वाट हवी असेल तर आसनाची शिवणच वापरा. पुढची शिवण कमरेपर्यंत येतेच. ती शिवताना नेफ्याच्या मध्यात येणाऱ्या जागी चार सूत शिवण सोडून द्या, सोडलेल्या भागाच्या वर आणि खाली पुढेमागे टीप मारून पक्कं करा. माया दोन्हीकडे फाकवून इस्त्री करा आणि फटीच्या दोन्ही बाजूंनी उभी टीप घाला. झालं तोंड तयार. नाडीची दोन्ही टोकं या एकाच फटीतून निघतात. आपल्या लेंग्याचा नेफा असाच असतो, त्यामुळे शिवायला हात बसलेला असतो. काज नको, कापायला नको, फ्युजिंगसुद्धा दोन्ही मायांवर अर्ध्या इंचाची पट्टी एवढंच. पहिल्यांदा निट शिवणाऱ्याला मी हेच करायला लावते.

आयलेटबद्दल विचारलंत. जाड लूपनिटला किंवा फ्लीसला आयलेट बसतं, पातळ सिंगल जर्सीला बसवू नका. आयलेट कापडाला फक्त दाबून धरतं, शिवलेलं नसतं. निट पातळ असलं की ताणात कापड त्याच्या दातांतून निसटतं आणि एके दिवशी आयलेट हातात येतं. बसवायचंच असेल तर मागे डेनिमचा किंवा रेक्झिनचा तुकडा द्या, आयलेट मागच्या वॉशरसकट घ्या आणि भोक आयलेटच्या नळीपेक्षा लहान ठेवून दाभणाने मोठं करत नळी आत घाला. टिचबटणं बसवून देणारे कारागीर आयलेटही बसवून देतात, त्यांच्याकडे दाबाचं यंत्र असतं. फक्त त्यांच्याकडे जाताना पँट पूर्ण शिवून नेऊ नका, नेफा उघडा असतानाच न्या.

आणि आयलेट लोखंडी घेऊ नका. आपल्याकडे जून ते सप्टेंबर कपडे घरात दोरीवर दोन-दोन दिवस ओले लटकतात. लोखंडावरचा मुलामा घासला गेला की भोकाभोवती तांबूस डाग पडतो आणि तो सहजी जात नाही. पितळी घ्या. दुकानात चुंबक लावून बघितलं तरी कळतं.

नेफा का गुंडाळतो ते इलास्टिकवर आहे. दुकानात इलास्टिक हातात घेऊन जोरात ताणा. ताणल्यावर जे रुंदीला अरुंद होतं, ते नेफ्यात हमखास गुंडाळणार. ताणूनही ज्याची रुंदी तेवढीच राहते, ज्यावर आडव्या बारीक रेघा उभारलेल्या दिसतात, ते घ्या. मोठ्या माणसाच्या पँटला नाडीसह दीड इंचाचं बरं पडतं. लांबी कमरेच्या मापापेक्षा दोन ते तीन इंच कमी, पण कागदावरच्या मापावर विसंबू नका. कमरेभोवती धरा, बसून बघा, श्वास सोडून बघा, मग जोडाची माया धरून कापा. टोकं एकमेकांवर अर्धा इंच चढवून चौकोनी टीप मारा. इलास्टिक नेफ्यात गेल्यावर दोन्ही बाजूंच्या शिवणीवर आणि मागच्या मध्यावर उभी टीप मारली की ते फिरत नाही.

आता नाडी आणि इलास्टिक यांचं आपसातलं स्थान. काज बाहेरच्या थरावर असतील तर नाडी बाहेरचा थर आणि इलास्टिक यांच्यामध्ये हवी. काज आतल्या थरावर असतील तर नाडी आतला थर आणि इलास्टिक यांच्यामध्ये. बाजूच्या शिवणीवर उभी टीप मारल्यावर नाडी ओवायला गेलात तर वाटच बंद असते. म्हणून आधी इलास्टिक, मग नाडी, मग त्या उभ्या टिपा नाडीला वगळून, असा क्रम करावा लागतो आणि तो फार किचकट होतो. रेडीमेड ट्रॅकपँटवाले हा गुंता वेगळ्या पद्धतीने सोडवतात, ती घरीही जमते.

वरची मापं एक इंचाच्या इलास्टिकची होती; दीड इंचासाठी नेफा चार सूत वाढवा आणि काज त्याच्या मध्यावर घ्या. दीड इंचाचं इलास्टिक घालून नेफा बंद करा. इलास्टिकवर आणि नेफ्यावर चार समान भागांच्या खुणा केलेल्या असू द्या, म्हणजे चुण्या सगळीकडे सारख्या पडतील. मग नेफा पूर्ण ताणून धरून, बाहेरून, दोन समांतर टिपा मारा, एकमेकींपासून पाच सूत अंतरावर, काजाच्या वर एक आणि खाली एक. या टिपा तिन्ही थरांतून जातात. बाहेरचं कापड आणि इलास्टिक यांच्यामध्ये नाडीसाठी आपोआप एक बोगदा तयार होतो, इलास्टिक जागेवर बांधलं जातं, नेफा गुंडाळत नाही आणि नाडी वर-खाली सरकत नाही. टाका लांब ठेवा, साडेतीन ते चार मिलिमीटर. झिगझॅग मशीन असेल तर अगदी अरुंद झिगझॅग उत्तम, कारण सरळ टीप पँट चढवताना तडतड तुटते. साध्या मशीनवर सरळ टीपच मारायची असेल तर कापड सुईच्या पुढून-मागून पूर्ण ताणून धरा. फक्त एक ध्यानात ठेवा: इलास्टिकमधून टिपा गेल्या की ते थोडं सैल पडतं. म्हणून या पद्धतीत इलास्टिक आधीच इंचभर आखूड कापा.

बाजारात असं इलास्टिकही मिळतं ज्याच्या मधोमध नाडी आधीच विणलेली असते. ते वापरताना टिपा नाडीच्या दोन्ही बाजूंनी जातील याची काळजी घ्या, नाडीवर एक टाका जरी बसला तरी ती ओढली जात नाही. पुढच्या मध्यावर काजाच्या समोर इलास्टिकमधून नाडी सुईने उचलून बाहेर काढायची, बस. घाईत अनेक पँट शिवायच्या असतील तर हे सोयीचं आहे.

नाडीच्या लांबीत बहुतेकजण कमरेचं माप धरतात आणि फसतात. पँट चढवताना नेफा कमरेएवढा नाही, सीटएवढा, म्हणजे नितंबांच्या सगळ्यात रुंद भागाएवढा, उघडावा लागतो. टोकांना गाठी असतील आणि नाडी आखूड असेल तर गाठ काजाला अडते, आपण ओढतो आणि काज फाटतो. तुमचा एक काज बाजूने फाटला तो असाच फाटला असणार. सीटचं माप अधिक चौदा-सोळा इंच एवढी नाडी घ्या. सीट चाळीस असेल तर चोपन्न ते छप्पन्न इंच.

नाडी सुती चपटी घ्या, तीन-चार सूत रुंद. गोल गुळगुळीत पॉलिएस्टरची नाडी दिसायला छान, पण गाठ सुटत राहते. पँटच्याच कापडाची नाडी करायची असेल तर पट्टी उभ्या दिशेने कापा, आडवी पट्टी रबरासारखी ताणली जाते आणि आवळण्याचा काही उपयोग होत नाही. सिंगल जर्सीची इंचभर पट्टी नुसती ओढली तरी स्वतःभोवती वळून नळी होते. लूपनिटची तशी वळत नाही, ती शिवावी लागते आणि जाड होते. कुठलीही नाडी, विशेषतः गडद रंगाची, आधी धुऊन घ्या. सुती नाडी आटते, शिवल्यावर आटली तर मागे नेफा आवळून चुण्या पडतात. लाल किंवा निळी नाडी फिक्या राखाडी पँटवर रंग सोडते. पँटचं कापडही कापण्याआधी धुवा, सुती निट लांबीला चांगलंच आटतं.

उल्हासनगरला कॅम्प दोनच्या गजानन मार्केटात किंवा इतर कुठल्याही कापडबाजारात निट घ्यायला जाल तर ते बऱ्याचदा किलोवर मिळतं. जोडीला त्याच रंगाची रिब (उभ्या धारींचं निट) मिळते का विचारा. वेगळा बेल्ट लावायचा असेल तर रिबचा बेल्ट फार सुंदर बसतो, पण रिब सगळ्यात जास्त ताणली जाते, त्यामुळे काजामागचा आधार तिथे दुप्पट महत्त्वाचा.

नाडी ओवायला मोठी सेफ्टी पिन पुरते. आपल्याकडे जुन्या टूथब्रशच्या दांड्याला भोक पाडून नाडी ओवायचं साधन करायची रीत आहे, ती निटसाठी फार चांगली, कारण दांडा गुळगुळीत असतो आणि फासात अडकत नाही. ओवून झाली की पँट हातांनी सीटएवढी ताणा, दोन्ही टोकं सारखी करा आणि मागच्या मध्यावर नेफा, इलास्टिक, नाडी या सगळ्यांमधून एक उभी टीप पुढेमागे तीनदा मारा. नाडी मशीनमध्ये निघून येण्यावर हाच उपाय आहे. शिवाय धुण्याआधी पुढे एक सैल गाठ मारायची सवय लावा.

टोकांना साधी गाठ पुरेशी. सुती नाडीची कापलेली कड एकदा आत मुडपून हाताने शिवली की गाठीच्या पुढचं टोक पिंजारत नाही. पॉलिएस्टर असेल तर मेणबत्तीच्या जवळ क्षणभर धरून टोक वितळवता येतं, पण सुती नाडी वितळत नाही, पेटते, तिच्याजवळ ज्योत नेऊ नका.

मुलाच्या पँटबद्दल मी वेगळं आणि स्पष्ट सांगते. पाच वर्षांच्या मुलाला खरी नाडी नको. घसरगुंडीच्या फटीत, शाळेच्या बसच्या दारात, सायकलच्या साखळीत लोंबणारी नाडी अडकते. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने १९९६ साली मुलांच्या जॅकेट आणि स्वेटशर्टच्या नाड्यांबद्दल सूचना काढल्या, त्या अशाच अपघातांमुळे. त्यात गळ्याशी नाडी नको असं आहे. कमरेशी असेल तर कपडा पूर्ण ताणलेला असताना ती ३ इंचांपेक्षा जास्त बाहेर येऊ नये, टोकांना गाठी किंवा टॉगल (नाडीच्या टोकाची खुंटी) नकोत आणि सलग नाडी मधोमध शिवून टाकावी. त्या सूचना वरच्या कपड्यांसाठी आहेत, पण पँट शिवतानाही मी त्याच पाळते. मुलाला हौस असेल तर नुसती दिसायची नाडी लावा: सहा-सात इंचांचा तुकडा, त्याचा लहानसा बो करून, बो आणि टोकं सगळं मध्यावर टिपेने पक्कं शिवून टाका. काज नाही, ओढायला काही नाही आणि पँट रेडीमेडसारखी दिसते.

आता तुमच्या हातातल्या पँट. मुलाच्या पँटमधली नाडी काढा, काज हाताने बंद करून शिवा आणि त्यावर असा शिवलेला बो बसवा.

नवऱ्याच्या पँटचा काज फाटला आहे, तिला ठिगळाने चांगलं रूप देता येईल. पुढच्या बाजूचा नेफा मध्यापासून दोन्हीकडे चार-चार इंच उसवा, इलास्टिक बाजूला करा. उलट बाजूने फ्युजिंगची पट्टी लावा, फाटका भाग जवळ आणून त्यावर. मग जाड सुती कापडाचा, जीन्सचा जुना तुकडा असेल तर फारच छान, साडेतीन इंच रुंद आणि सव्वा इंच उंच पट्टा घ्या. चारही कडा दोन सूत मुडपून इस्त्री करा. त्याची तयार उंची सहा सूत होईल, रुंदी तीन इंच. हा पट्टा सुलट बाजूने, दोन्ही जुने काज झाकले जातील असा, एकेरी थरावर ठेवून चारी बाजूंनी टीप मारा. जुने काज सहा सुतांपेक्षा लांब पसरले असतील तर पट्टा तेवढा उंच घ्या, पण नेफ्याच्या टिपेच्या आत राहील इतकाच. नवीन भोकं या पट्ट्यावर, जुन्या काजांपासून थोडी बाजूला, आधी सांगितल्याप्रमाणे दाभणाने करा. इथे आयलेटही चालेल, कारण आता त्याला धरायला न ताणणारं कापड मिळालं आहे.

नेफा गुंडाळतो आहे म्हणून इलास्टिकही याच वेळी ताणून तपासा. अरुंद होत असेल तर बदला. टोक उसवून त्यालाच नवं इलास्टिक जोडा आणि जुनं ओढत बाहेर काढा, नवं आपोआप जागेवर येईल. मग उसवलेला भाग बंद करा, नाडी ओवा, पँट सीटएवढी ताणून मागच्या मध्यावर टीप मारा आणि सगळ्यात शेवटी टोकांना गाठी घाला.